सालई : उजाड डोंगरावरील औषधी वृक्ष

विंध्याचा घाट उतरून माळव्यातून निमाडात जाऊ लागले, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास डोंगरउतारावर एक चमत्कारिक दृश्य दिसते. गवत वाळून गेलेले असते, माती धुऊन जाऊन खडक उघडे पडलेले असतात आणि त्या खडकांतून राखी-हिरवट खोडाची, अंगावर एकही पान नसलेली झाडे उभी असतात. त्यांच्या सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले असतात. जवळ जाऊन पाहावे, तर त्या उघड्या फांद्यांच्या टोकांशी बारीक पांढऱ्या फुलांचे झुपके आढळतात. हीच सालई होय. सागवानासारखी तिच्या लाकडाची प्रतिष्ठा नाही, आंब्यासारखे तिचे फळ नाही. तथापि आपल्या वैद्यकात तिला फार जुने स्थान आहे.

संस्कृतात हिला शल्लकी म्हणतात. हत्तीला हिचा पाला व डहाळ्या आवडतात, म्हणून 'गजभक्ष्या' असेही तिचे एक नाव आहे. हिच्या डिंकाला कुंदुरु हे नाव आहे. वनस्पतिशास्त्रात ती बॉस्वेलिया सेराटा या नावाने ओळखली जाते. पैकी पहिला शब्द स्कॉटलंडमधील वैद्य जॉन बॉस्वेल यांच्या स्मरणार्थ योजलेला असून, 'सेराटा' म्हणजे करवतीसारख्या दातांची. पान हातात घेतले की या नावाचा अर्थ चटकन ध्यानात येतो. एका लांब देठावर समोरासमोर आठ ते पंधरा जोड्या पर्णिका व शेवटी एक एकटी पर्णिका असते आणि प्रत्येक पर्णिकेची कड दातेरी असते. झाड साधारणतः 9 ते 15 मीटर उंच वाढते. फळ तिधारी असून पिकल्यावर तीन शकलांनी उकलते. गुग्गुळ, हिराबोळ आणि ओमान-सोमालियाकडील प्रसिद्ध धूप देणारी झाडे ही सर्व सालईच्याच कुळातील होत.

जेथे इतर झाडे तग धरीत नाहीत, तेथे सालई जगते. अवर्षण आणि वणवा ती इतर वृक्षांपेक्षा अधिक सोसते. तिच्या रोपाची रीत तर मोठी बोधप्रद आहे. पावसाळ्यात उगवलेले रोप उन्हाळ्यात वरून वाळून जाते, पण जमिनीतील मूळ मरत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातून पुन्हा कोंब फुटतो व पुन्हा वाळतो. अशी कित्येक वर्षे गेल्यावर मूळ पुष्ट होते आणि मगच खोड कायमचे वर टिकते. आपल्याला दिसणारा वृक्ष हा अशा रीतीने दीर्घ तयारीचे फळ असतो. म्हणूनच तो एकदा गेला म्हणजे त्याची जागा लवकर भरून निघत नाही.

आता ज्या डिंकासाठी सालईची ख्याती आहे, तो काय असतो ते पाहू. झाडाच्या सालीला इजा झाली, की आतील सूक्ष्म नलिकांतून सुगंधी चिकट रस बाहेर येतो व हवेने घट्ट होऊन जखम झाकून टाकतो. बुरशीला व किड्यांना आत शिरण्यास वाव राहत नाही. म्हणजे ज्याला आपण औषध म्हणतो, ते मुळात वृक्षाने स्वतःच्या जखमेवर बांधलेली पट्टी आहे.

आयुर्वेदात सांधेदुखी व सूज यांवर शल्लकीचा उपयोग सांगितला आहे. अर्वाचीन शास्त्रानेही तिची परीक्षा घेतली. जम्मू येथील प्रयोगशाळेतील संशोधकांनी 1986 साली प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे या डिंकाचा शोथनाशक गुण प्रसिद्ध केला. डिंकात बॉस्वेलिक आम्ले असतात. शरीरात दाह वाढविणारी काही द्रव्ये ज्या विकराच्या साहाय्याने तयार होतात, त्याला ही आम्ले अटकाव करतात, असे 1992 साली जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले. पुढे 2003 साली नागपूर येथील वैद्यकीय संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या 30 रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेतल्यावर रुग्णांच्या वेदना कमी झाल्या व त्यांना अधिक अंतर चालता येऊ लागले. क्ष-किरण चित्रांत मात्र काही फरक दिसला नाही. या निष्कर्षाचे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. सालई दुःख हलके करते, परंतु झिजलेला सांधा नवा करून देत नाही. औषधीची स्तुती करताना तिची मर्यादाही सांगणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.

जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरच्या जंगलांत सालई विपुल आहे. तेथील सहरिया आदिवासींच्या चरितार्थाचा काही भाग या डिंकावर चालतो. योग्य पद्धत अशी, की पूर्ण वाढलेल्या झाडाच्याच बुंध्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सुमारे 20 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर लांब पट्ट्यातील साल पातळशी तासावयाची. लाकडाला धार लागू द्यावयाची नाही. साठलेला डिंक खरवडून बांबूच्या टोपलीत ठेवतात. पातळ रस खाली निथळतो व वर घट्ट डिंक राहतो. एका मोठ्या झाडापासून वर्षाला एक ते दीड किलो डिंक मिळतो.

परंतु मागणी वाढली, की हात उतावीळ होतो. साल तासण्याऐवजी कुऱ्हाडीचे खोल घाव पडतात, कोवळी झाडेही सुटत नाहीत आणि मग झाड स्वतःची जखम भरून काढू शकत नाही. हानी केवळ त्या एका झाडाचीच होते असे नाही. आफ्रिकेतील इरिट्रिया देशात सालईच्या एका भगिनी-जातीचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यात डिंक न काढलेल्या झाडांचे 80 टक्क्यांहून अधिक बी रुजले, तर सतत डिंक काढलेल्या झाडांचे जेमतेम 16 टक्के. जी शक्ती बीजात जावयाची, ती जखमा बुजविण्यात खर्च होते, असा त्याचा अर्थ. गुजरात-राजस्थानातील गुग्गुळाची दशा तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. अतिरेकी चिरण्यामुळे ती औषधी आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे.

सालईवर कुऱ्हाडीचे संकट यापूर्वीही आले आहे. निमाडातील नेपानगर येथे 1955 साली वृत्तपत्री कागदाचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा बांबूबरोबर सालईचे मऊ लाकूडही लगद्यासाठी वापरले गेले. त्या कागदाने देशाची गरज भागविली हे खरे. पण खडकावरचा वृक्ष शेतातील पिकासारखा दर वर्षी परत येत नाही, हा हिशेबही त्याच्याच जोडीला मांडावयास हवा.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील सहलीत पापुद्र्याचे खोड आणि दातेरी पर्णिका दिसल्या, तर क्षणभर थांबा आणि बुंध्यावरील घाव पाहा. तो उथळ व बुजत आलेला असेल, तर तेथे जाणता हात फिरला आहे असे समजा. तो खोल व कोरडा असेल, तर तेथे घेणाऱ्याने परत येण्याचा विचारच केलेला नाही. वृक्षाने आपल्या जखमेसाठी जे राखून ठेवले आहे, त्यातून आपण आपल्या जखमेपुरते मागून घेतो. मागणाराने देणाऱ्याच्या गरजेपुरते मागे ठेवावे, एवढाच या अभ्यासाचा सारांश.