नाव कमी करण्याआधी

खेरवाडी, वांद्रे (पूर्व)
१० जून

चि. बाय,


परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "आत्या, पहिल्या दिवशी मी नेमकं काय करू?" तेव्हा माझ्या तोंडून सजावट, गाणी, ओळखीचे खेळ असं काहीबाही निघालं. फोन ठेवला आणि मनाला लागून राहिलं. पोरगी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून इतकी वर्षं थांबली, आपल्याच वांद्र्यात महापालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला, आणि मी तिला फुगे कुठे लावायचे ते सांगत बसले. याच महापालिकेत मी ३१ वर्षं शिकवलं. जे सांगायला हवं होतं ते आता लिहिते.

पहिल्या दिवसाची काळजी करू नकोस, तो शाळाच पार पाडते. दाराला तोरण लागेल, मुलांच्या हातात गुलाबाचं फूल येईल, कोणी पाहुणे येतील, फोटो निघतील. काही जुन्या बाई याला नाक मुरडतात. तू मुरडू नकोस. ज्या घरात जूनमध्ये आधी छपरावरचं प्लास्टिक बदलायचं असतं, तिथे कोऱ्या दप्तराचा वास हेच मुलाचं नवं वर्ष असतं. महापालिका २७ शालोपयोगी वस्तू देते त्या याचसाठी.

बुटांकडे मात्र तू स्वतः बघ. मापं आधी घेतलेली असतात आणि सुट्टीत मुलांचे पाय वाढतात. बूट लहान झालेलं मूल बोलत नाही, कारण बोललो तर परत घेतील असं त्याला वाटतं. ते मागची बाजू दुमडून त्यावर टाच ठेवतं आणि बूट चपलेसारखा ओढत चालतं. आठ-दहा दिवसांत शिवण उसवते, मग ते अनवाणी येतं, मग पाऊस लागला की येतच नाही. प्रार्थनेला उभी असशील तेव्हा एकदा सगळ्यांच्या पायांवरून नजर फिरव. टाच बाहेर दिसली की त्याच आठवड्यात जोड बदलून घे. शेजारच्या वर्गात कुणाचा तरी बूट मोठा झालेला असतोच.

आता हजेरीपट. पटावर समजा ४२ नावं आहेत आणि सोमवारी समोर २५-२६ डोकी. तुझं सगळं मन त्या आलेल्यांत गुंतेल, आणि ते साहजिक आहे, ती समोर आहेत, हसताहेत, बाईंचं नाव विचारताहेत. पण माझं ऐकशील तर पहिला महिनाभर तू न आलेल्यांची बाई हो. आलेल्यांना शाळा मिळालीच आहे. उरलेली १६-१७ कुठे आहेत हे या इमारतीत तुझ्याशिवाय कोणी विचारणार नाही.

बरीचशी गावाला असतात. बेहरामपाड्याला लागूनच टर्मिनस आहे, गोरखपूर-गाझीपूरच्या गाड्या तिथूनच सुटतात. मे महिन्यात घरंच्या घरं बंद होतात. परतीचं तिकीट मिळत नाही, लग्न लांबतं, आजी आजारी पडते. भारतनगरची, ज्ञानेश्वरनगरची काही मुलं कोकणात, काही गुलबर्ग्याकडे. ही जूनअखेर येतात. त्यांची चिंता नाही, फक्त आल्यावर 'उशिरा आलास' म्हणून पहिल्याच दिवशी उभं करू नकोस. चिंता आहे ती इथेच असून न येणाऱ्यांची. ती कोण, हे पटावरून कळत नाही, मुलांकडून कळतं. "तुझ्या गल्लीतली ती कुठे गेली रे?" एवढं विचार. मोठ्या माणसांना माहीत नसलेलं त्यांना माहीत असतं. "तिची मम्मी हॉस्पिटलमध्ये आहे." "त्यांचं घर तुटलं, ते माहूलला गेले." "तो वडिलांबरोबर भंगाराच्या दुकानात बसतो." एक शंभर पानी वही वेगळी ठेव आणि हे सगळं तारखेसकट लिही. ऑफिसला दाखवायची नाही ती वही. तुझी तुला.

मग जा. तुझं दुपारचं अधिवेशन आहे हे बरं झालं. सकाळी साडेनऊ-दहाला जा, पाणी भरून बायका जराशा मोकळ्या झालेल्या असतात. एकटी जाऊ नकोस, बालवाडीच्या सेविकेला बरोबर घे, तिला प्रत्येक घर माहीत असतं. बेहरामपाड्यात खोलीवर खोली चढलेली आहे, वरच्या खोलीला बाहेरून लोखंडी शिडी असते, पावसात ओली, आणि धरायला दोरी. साडी नेसून मी ती चढलेली आहे, तू ड्रेस घालून जा. वर गेल्यावर उंबऱ्यातच थांब. पाणी पुढे केलं तर घे. 'शाळेत का पाठवत नाही' असं तोंडातून काढू नकोस, त्या वाक्यात पोलीस असतो. 'बरं नव्हतं का तिला?' म्हण. 'वर्गात तिची आठवण काढतात' म्हण. हिंदीत बोल, चुकलीस तरी चालेल. न येण्याचं कारण त्या आपण होऊन सांगतात, बहुतेकदा तू उठायला लागलीस की.

हे सगळं मला कोणी शिकवलं नव्हतं. चूक करून शिकले, आणि ती चूक तुला सांगितली नाही तर या पत्राला अर्थ नाही.

१९९४ चं साल. माझ्याकडे चौथी होती. एक मुलगी, हुशार म्हणावी अशी नाही, पण अक्षर इतकं सुंदर की फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडून लिहून घ्यायचे. जूनचे पहिले आठ दिवस आली आणि बंद झाली. मी रोज तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत गेले. निरोप पाठवला तो एका मुलाबरोबर, एकदाच. दीड महिना झाला. सरासरी उपस्थिती खाली येत होती, वरून विचारणा होत होती. मी पट्टी घेतली, लाल शाईने तिच्या नावावर रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' रेघ सरळ आली होती, हेही मला आठवतं.

तिची आई बाळंत झाली होती. धाकट्या दोघांना आणि त्या तान्ह्याला ही सांभाळत होती. ऑगस्टमध्ये आई उठली आणि तिने हिला शाळेत पाठवलं. मी त्या दिवशी प्रशिक्षणाला होते. बदलीवर बसलेल्या बाईंनी हजेरी घेतली. सगळी नावं झाली, हिचं आलं नाही. तिने सांगितलं तेव्हा त्यांनी पट बघितला आणि म्हणाल्या, "तुझं नाव नाही इथे." त्यांचं काही चुकलं नाही, नाव खरंच नव्हतं. ती दप्तर उचलून घरी गेली. मला हे कळलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मी धावत गेले, पण तोवर तिला शिलाईच्या कामावर बसवलं होतं. आई म्हणाली, "नाम ही काट दिया तो हम क्या करते?" मुलीने माझ्याकडे बघितलंच नाही, सुईत दोरा ओवत राहिली. शाळा तिच्या घरापासून सात मिनिटांवर होती. मी नंतर घड्याळ लावून चालून बघितलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत घरी गेल्याशिवाय मी कोणाचं नाव कमी केलं नाही.

आज तुझ्या बाजूने कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षात केव्हाही आलं तरी परत पाठवता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. कागदावर इतकं स्वच्छ आहे. पण टेबलावर बसलेल्या माणसाला पोर्टलची धास्ती असते. आधार जुळत नाही, सरलवर नाव चढत नाही, आधीची शाळा विनंती मान्य करत नाही, आणि मग 'पुढच्या आठवड्यात या' होतं. रोजंदारीवरचा बाप पुढच्या आठवड्यात येत नाही, बाय. त्याचा एक खाडा पडलेला असतो. तू मुलाला आधी वर्गात बसव, खिचडीच्या पंगतीत बसव, वही दे. कागद मागून येतात. मुख्याध्यापकांशी भांडू नकोस, कायद्याची कलमं छापलेला कागद हसतमुखाने त्यांच्या पुढ्यात ठेव. त्यांनाही बहुतेक वेळा वरच्यांना दाखवायला काहीतरी हवं असतं.

सक्तीच्या शिक्षणाचं हे स्वप्न जुनं आहे. गोखल्यांचं विधेयक फेटाळलं गेल्यावर विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा करून घेतला, नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा देणारा. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हतं, आपली स्वतंत्र नगरपालिका होती. १९५० मध्ये ते बृहन्मुंबईत आलं. एवढ्या वर्षांत सक्तीचा हक्क झाला, तरी गैरहजर मुलाच्या दारापर्यंत जायचं काम शेवटी वर्गाच्या बाईवरच येतं.

उलट बाजूचं एक सांगते, ते जड आहे. तू मराठी माध्यमात आहेस. एकाच इमारतीत तुमच्या वर हिंदी, पलीकडे उर्दू, खाली इंग्रजी. आपली महापालिका आठ माध्यमांत शिकवते आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मराठीचा पट उतरत चालला आहे, आणि पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्या भीतीने काही ठिकाणी नसलेली मुलं पटावर राहतात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली ती याच संशयातून. त्या तीन दिवसांत खरं काम करणाऱ्या बायकांनाही खाली मान घालून बसावं लागलं, त्यात मीही होते. तेव्हा कोणी प्रेमाने सांगितलं तरी गेलेल्या मुलाची हजेरी लावू नकोस. ते मूल माहूलच्या शाळेत दाखल व्हायला जाईल तेव्हा तुझ्या पटावरचं खोटं नाव त्याला तिथे आडवं येईल. कोण खरंच गेलं आणि कोण नुसतं येत नाहीये, हे त्या शंभर पानी वहीतूनच कळेल.

आणि जनरल रजिस्टर. तुझ्या हाती ते येणार नाही, पण नवी नोंद करताना बोलावतील तेव्हा मन लावून कर. २६ जुलै २००५ ला मिठीचं पाणी भारतनगरात, सरकारी वसाहतीत, कलानगरात शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही शाळा उघडली तेव्हा आधी मुलं आली नाहीत, आईबाप आले. रेशनकार्ड, जन्मदाखले, निकालपत्रं, पेटीतलं सगळं चिखल झालेलं. आमचं रजिस्टर वरच्या फळीवर होतं म्हणून वाचलं. कापडी बांधणीची ती जाडजूड वही टेबलावर उघडून आम्ही दोन दिवस उतारे लिहून देत बसलो. एक रिक्षावाले होते, आमचेच जुने विद्यार्थी. त्यांना मुलाचा नाही, स्वतःचा उतारा हवा होता. वीस वर्षांपूर्वीच्या पानावर त्यांचं नाव, जन्मतारीख निळ्या शाईत तशीच होती. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तू सोमवारी एखाद्याचं नाव घालशील तेव्हा स्पेलिंग आईला विचार, तारीख दोनदा विचार. घाईत घातलेली एक चूक माणसाला नोकरीच्या दारात अडवते.

बाकी निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोजची माहिती वरती पाठवणं, हे येत राहील. त्यावर चिडून झोप घालवू नकोस. माहिती शाळेतच भरून टाक, घरी आणू नकोस. मुलांची पुस्तकं मात्र पावसाळा संपेपर्यंत कपाटात जागा करून तिथेच ठेव, घरी एका रात्रीत भिजतात.

रविवारी सकाळी इकडे ये. दोघी मिळून भारतनगरापर्यंत चालत जाऊ, दोन-तीन घरं माझ्या अजून ओळखीची आहेत. शाळेकडे जायची पुलाखालची वाट तुंबते तेव्हा कुठून जायचं तेही दाखवते. माझी एक जुनी वही कपाटात आहे, ती तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. छत्री आण, फोल्डिंगची नको, लांब दांड्याची.

सोमवारी रात्री फोन कर. किती आली ते सांग, आणि जी आली नाहीत त्यांची नावं वाचून दाखव.

तुझी,
आत्या