निवडणुकीतील आश्वासने : न्याय्य किती, परवडणारी किती?

(द्वितीय वर्ष, कला)

लोकशाहीत मत मागणाऱ्याने काही देऊ करावे यात मुळात गैर नाही. सत्ता आल्यावर आपण काय करू हे पक्षाने सांगितलेच नाही, तर मतदाराने निवड करावयाची कशाच्या आधारावर? जाहीरनामा त्यासाठीच असतो. परंतु जाहीरनाम्यातील खर्चिक आश्वासनांबद्दल बोलताना आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. आश्वासन न्याय्य आहे काय, हा एक प्रश्न. ते परवडणारे आहे काय, हा दुसरा. न्याय्य गोष्ट न परवडणारी असू शकते आणि परवडणारी गोष्ट अन्यायाची असू शकते. म्हणून दोहोंचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

ही प्रथा नवी नाही. १९६७ साली मद्रास राज्यात द्रमुक पक्षाने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन दिले. सत्ता आल्यावर अण्णादुराई यांच्या सरकारला मद्रास व कोइमतूर या शहरांत रुपयाला एकच माप देणे जमले. १९८३ साली आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव दोन रुपये किलो दराच्या तांदळाचे वचन देऊन सत्तेवर आले. तमिळनाडूत २००६ साली रंगीत दूरचित्रवाणी संचाचे, तर २०११ साली मिक्सर, ग्राइंडर आणि पंख्यांचे आश्वासन निवडणुकीत गाजले.

या सर्वांना 'फुकटेगिरी' म्हणून एकाच तागडीत तोलणे मात्र बरोबर नाही. भुकेल्याचा तांदूळ आणि दिवाणखान्यातील संच यांत फरक आहे. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत मुलांच्या दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, तेव्हा तिच्या खर्चावर टीका झाली. पुढे १९९५ साली केंद्र सरकारनेच शालेय माध्यान्ह भोजनाची योजना देशभर सुरू केली. काल ज्याला उधळपट्टी म्हटले, ते आज मुलांचा हक्क मानले जाते.

आता आपल्या राज्याकडे वळू. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र महिलांना दरमहा १५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने ही रक्कम २१०० करण्याचे, तर महाविकास आघाडीने दरमहा ३००० देण्याचे आश्वासन दिले. म्हणजे विरोध रकमेला नव्हता, चढाओढ रकमेचीच होती.

माझी आई शेतमजुरी करते. आमच्या घरी तिच्या नावाने बँकेत पैसे जमा होण्याची ही पहिलीच वेळ. त्या पैशाचे काय करायचे हे तिला कोणाला विचारावे लागत नाही. याला भीक म्हणणारे लोक भेटतात. परंतु साबणाच्या वडीवर ती कर भरते आणि मोठा बागायतदारही तेवढाच भरतो. जिच्याकडून तिजोरी घेते, तिला तिजोरीने काही परत दिले तर तो अन्याय कसा? माझ्या मते या मदतीचे तत्त्व न्याय्य आहे.

परंतु परवडण्याचा हिशेब तत्त्वाने सुटत नाही. दरमहा १५०० म्हणजे एका महिलेस वर्षाला १८,००० रुपये. दोन कोटी महिला धरल्या तर ३६,००० कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी तेवढीच तरतूद झाली. रक्कम १५०० च राहिली. २१०० दिल्यास खर्च ५०,४०० कोटी होतो आणि ३००० दिल्यास ७२,००० कोटी. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटी अंदाजण्यात आली होती. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढलेले कर्ज. राज्याला नोटा छापता येत नाहीत. जीएसटीचे दर एकट्या राज्याला वाढवता येत नाहीत. मग उरते कर्ज, नाहीतर दुसऱ्या खर्चाला कात्री. आईचे पैसे खात्यावर आले, त्या वर्षी माझी शिष्यवृत्ती वार्षिक परीक्षा जवळ आली तरी आली नव्हती. या दोहोंचा संबंध जोडण्याइतका पुरावा मजजवळ नाही. पण तिजोरी एकच आहे, एवढे निश्चित.

याला दुसरी वाट नव्हती काय? होती, आणि ती महाराष्ट्रानेच दाखविली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. मागेल त्याला काम देणे हे अत्यंत खर्चिक वचन होते. परंतु १९७५ साली त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला आणि १९७७ च्या कायद्याने त्या वचनाला हक्काचे रूप दिले. शहरातील पगारदाराने दिलेल्या करातून खेड्यातील मजुराची हमी उभी राहिली. घेणार कोण आणि देणार कोण, दोन्ही गोष्टी उघड होत्या.

कायदा या बाबतीत फार मदत करीत नाही. जाहीरनाम्यातील आश्वासन हा निवडणुकीतील भ्रष्ट आचार ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. मात्र जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास आयोगाला सांगितले. त्यानुसार २०१४ पासून आचारसंहितेत आश्वासनामागील कारण आणि पैसा उभारण्याचे मार्ग ढोबळमानाने सांगावेत, अशी अपेक्षा आहे. त्या 'ढोबळमानाने' या शब्दाच्या आडून सर्व पक्ष निसटतात.

तेव्हा ही जबाबदारी मतदारावर येते, आणि आपल्यापैकी बरेचजण आता मतदार आहेत. सभेत आकडा जाहीर झाला की टाळ्या पडतात. त्या टाळ्या थांबल्यावर कोणीतरी उभे राहून विचारले पाहिजे : कोणता कर वाढविणार, कोणता खर्च कमी करणार, की कर्ज काढणार? कर्ज काढणार असाल, तर ते फेडावयाचे कोणी? आज एकोणीस-वीस वर्षांचे असलेल्या आपणांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांत अधिक आहे, कारण ती फेड आपल्याच वाट्याला येणार आहे.