बंद इंजिन कोणते?

दोन इंजिनांच्या विमानातील एक इंजिन बंद पडले, तरी निम्मी शक्ती उरते. मग भय कसले? परंतु लहान विमानाची वर चढण्याची क्षमता अशा वेळी सुमारे ८० टक्क्यांनी घटते. लवासाभोवतीच्या डोंगररांगांवर हा प्रसंग ओढवला, तर त्या ओलांडण्याचा हट्ट सोडून सखल प्रदेशाकडे वळणेच श्रेयस्कर.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानावर प्रशिक्षण दिले जाते. अशा प्रशिक्षणात शिक्षक एक इंजिन मुद्दाम मंद करतात. डावे इंजिन मंदावले की विमानाचे नाक डावीकडे वळते. ते सरळ राखण्यासाठी उजव्या पायाने सुकाणूचे पेडल दाबावे लागते. डावा पाय सैल राहतो. म्हणून सूत्र असे: जो पाय सैल, त्या बाजूचे इंजिन बंद. वेग मात्र वेगमापकावरील तांबड्या रेषेखाली जाऊ देऊ नये. तेथे सुकाणूचे बळ अपुरे पडते.

यानंतर संशयित इंजिनाचा थ्रॉटल हळूहळू मागे घ्यावा. विमानाच्या कलात काहीच फरक पडला नाही, तरच निदान पक्के. मगच ते इंजिन बंद करून पंख्याची पाती वाऱ्याला समांतर करावीत, म्हणजे हवेचा अवरोध घटतो.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई येथे ट्रान्सएशियाच्या विमानाच्या उजव्या इंजिनाची शक्ती गेली असता चालू असलेले डावे इंजिन बंद केले गेले. ४३ जणांचे प्राण गेले. संकटात हात त्वरेने चालावेत, परंतु खात्री केल्यावाचून नव्हे.