फायबरची गाडी आणि हरवलेलं अर्थिंग

एफ. ई. ला बेसिक इलेक्ट्रिकल हा विषय आपण सगळ्यांनीच कसाबसा 'काढलेला' आहे. व्हायवात ओहमचा नियम विचारला की 'व्ही बरोबर आय आर' म्हणायचं आणि सुटायचं. तो नियम मला पहिल्यांदा खरोखर वापरावा लागला तो लॅबमध्ये नाही, तर दिवाळीच्या सुट्टीत देवळ्याला, मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्याची ही हकिकत. हकिकत कमी आणि पाठ जास्त आहे, तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी जरा लक्ष देऊन वाचावं.

आमचं देवळं म्हणजे कांद्याचं आणि डाळिंबाचं गाव. गावात ट्रॅक्टर, पिकअप, बुलेट सगळं दिसतं. पण मामांच्या शेडमध्ये आहे ती दोन सीटची, कापडी टपाची, लाल रंगाची स्पोर्ट्स कार. गल्लीतली पोरं तिला 'फेरारी' म्हणतात. खरं नाव सॅन स्टॉर्म. ही गाडी इटलीची नाही, आपल्या शेजारच्या गोव्याची! सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या शेवटी ती बाजारात आणली. इंजिन रेनॉचं, ११४९ सी.सी., साधारण ६० हॉर्सपॉवर. युरोपात रेनॉच्या क्लिओ आणि ट्विंगो या घरगुती गाड्यांत हेच इंजिन होतं. म्हणजे कपडे स्पोर्ट्सचे आणि काळीज संसारी. पण बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे गाडी हलकी, आणि टप उघडून निघालं की ६० हॉर्सपॉवरसुद्धा पुष्कळ वाटते. (फायबरची गाडी आपल्या देशात नवी नव्हती. बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन १९८२ मध्येच आली होती, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून बेतलेली.)

मामांची गाडी २००१ सालची, त्यांनी ती तिसऱ्या हाताने घेतली. मधल्या कुठल्यातरी मालकाने सगळं वायरिंग उपसून नवीन टाकलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता दुखणं सांगते. तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटायच्या. एक, हेडलाइट मंद. दोन, हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढायचा, म्हणजे 'गाडी गरम होते'. तीन, दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे छोटे दिवे मिणमिणायचे. तिसऱ्या तक्रारीला मामा 'भुताटकी' म्हणायचे आणि हसून सोडून द्यायचे.

एका गॅरेजवाल्याने या तीन दुखण्यांवर मिळून डायनामो बदलला, बॅटरी बदलली, थर्मोस्टॅट काढून फेकला आणि रेडिएटर दोनदा साफ केला. बिल किती झालं ते मामीसमोर अजूनही बोलायचं नसतं. फरक शून्य.

मग ती रात्र आली. मी आणि मामा चांदवडहून परत येत होतो. भावडबारी घाटात वळणावर पुढे कांद्याची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आमचे हेडलाइट इतके पिवळे की ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. मामांनी ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. आमच्या बॉनेटमध्ये आणि ट्रॉलीत हातभर अंतर राहिलं असेल. घरी येईपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. मामी मात्र बोलली. "दिवाळी झाली की ही गाडी भंगारात घाला. नाहीतर मी माहेरी जाते."

त्यात २०२६ मध्ये गाडीच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारची फी दहा हजार रुपये झाली आहे. हेडलाइट नापास झाले तर पैसे घालून उपयोग काय? मामा म्हणाले, "भाचीबाई, तुम्ही इंजिनिअरिंग शिकता ना? चार दिवस देतो. नाही जमलं तर मी गिऱ्हाईक बघतो."

पहिला दिवस माझा वाया गेला, तो कसा ते आधी सांगते, कारण तीच चूक तुम्हीही कराल. मी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवला, एक टोक हेडलाइटच्या काळ्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. मीटर छान 'पीं' वाजला. सगळीकडे वाजला. म्हणजे अर्थिंग ठीक, असं मी वहीत लिहून टाकलं.

इथे थोडी थिअरी. पत्र्याच्या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. त्यामुळे प्रत्येक दिव्याला प्लसची एकच वायर जाते, परतीचा करंट बॉडीतून येतो. बॉडी म्हणजे एक भलीमोठी जाड वायरच. फायबर मात्र करंट नेतच नाही! म्हणून फायबरच्या गाडीत प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, काट्याला परतीची वेगळी वायर द्यावी लागते आणि त्या सगळ्या वायरी कुठेतरी एकत्र आणून बॅटरीपर्यंत पोचवाव्या लागतात. शेवर्लेने १९५३ मध्ये पहिल्या ३०० कॉर्व्हेट बांधल्या त्या फायबरच्या होत्या, आणि त्या कारखान्यातल्या लोकांनाही पत्र्याची सवय असल्याने अर्थिंगने असंच छळलं होतं. तेव्हा मामांच्या वायरमनला फार दोष देण्यात अर्थ नाही.

आता माझी चूक. कंटिन्युइटी तपासताना मीटर वायरमधून अगदी नगण्य करंट सोडतो. दहा तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो 'पीं' वाजतो. पण त्याच वायरीतून दोन हेडलाइटचा करंट जायला लागला की खरं रूप कळतं. ५५ वॅटचे दोन बल्ब, १२ व्होल्टवर हिशोब करा, नऊ अँपिअरच्या आसपास येतात. शिवाय पाव ओहमसारखा रेझिस्टन्स साध्या मीटरच्या ओहम रेंजवर नीट मोजताच येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा रेझिस्टन्स जवळपास तेवढाच असतो. म्हणून ओहम मोजू नका. लोड चालू ठेवून व्होल्ट मोजा. सगळी गोम इथेच आहे.

दुसऱ्या दिवशी तसं केलं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर वीस व्होल्ट डी.सी. वर. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरच धरून ठेवायची (मामांनी धरली) आणि लाल पिन एकेका ठिकाणी टेकवत जायची. बॅटरीच्या प्लसवर १४.१ व्होल्ट. म्हणजे डायनामो ठणठणीत, बिचारा जुनाही ठणठणीतच असणार. बल्बच्या प्लस पिनवर १३.६. अर्धा व्होल्ट वाटेत गेला, चालेल. मग बल्बच्या अर्थ पिनवर लाल पिन टेकवली. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं. आलं २.३!

म्हणजे बल्बला प्रत्यक्षात मिळत होते १३.६ वजा २.३, एवढेच ११.३ व्होल्ट. तुम्ही म्हणाल दोन व्होल्टने काय होतं? फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. ११.३ भागिले १३.६ म्हणजे ०.८३, त्याचा ३.४ वा घात करा, ०.५३ येतो. निम्मा प्रकाश गायब. घाटातली ट्रॉली त्या गायब झालेल्या निम्म्यात होती.

आणि ते २.३ व्होल्ट जातात कुठे? गुणिले नऊ अँपिअर, म्हणजे वीस वॅट उष्णता. लॅबमधल्या छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. तेव्हा मी मीटर ठेवला आणि वायरी हाताने चाचपत गेले. डॅशबोर्डच्या मागे, डाव्या बाजूला एक लोखंडी पट्टी सापडली, सगळ्या काळ्या वायरी तिच्यावर एकाच बोल्टने आवळलेल्या. पट्टी चांगलीच गरम होती. कापडी टप नेमका तिथेच गळतो. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी बोल्टवर ठिबकून तांब्याच्या थिंबलांवर, जुन्या पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढला होता. तांबं, लोखंड आणि पाणी, म्हणजे केमिस्ट्रीचा सेलच तयार झाला होता तिथे.

काट्याचं कोडंही तिथेच सुटलं. टेंपरेचरच्या काट्याची अर्थ त्याच पट्टीवर होती. हेडलाइट लावले की पट्टीच शून्याऐवजी दोन व्होल्टवर चढायची आणि काट्याचं गणित चुकायचं. इंजिन गरम होतच नव्हतं. थर्मोस्टॅट उगीच गेला.

आणि भुताटकी? मागच्या दिव्यांची सामाईक अर्थ वायर डिकीत जवळजवळ तुटलेली होती. ब्रेकचा करंट परत जायला वाट शोधतो, ती मिळाली नाही तर तो शेजारच्या टेल लॅम्पच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पार्किंगच्या सर्किटमधून डॅशबोर्डच्या दिव्यांकडून बाहेर पडतो. म्हणून ते मिणमिणायचे. हसण्यासारखी गोष्ट नव्हती, कारण त्याच वेळी मागचे ब्रेक लाइट जवळजवळ विझलेले असणार.

दुरुस्तीला पैसे लागले चहापाण्याएवढे. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला (नेहमी निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा). लोखंडी पट्टीच्या जागी पितळेची पट्टी, प्रत्येक वायरीला स्वतंत्र स्क्रू. थिंबलं नवीन, नुसती दाबून नाही तर सोल्डर करून. पट्टीपासून बॅटरीपर्यंत सहा स्क्वेअर एम.एम. ची दीड मीटर वायर. तिचा रेझिस्टन्स ०.००४३ ओहम, नऊ अँपिअरला ड्रॉप ०.०४ व्होल्ट. वरून पेट्रोलियम जेलीचा थर आणि पट्टी टपाच्या गळतीपासून वीतभर बाजूला. इंजिनची अर्थ पट्टीसुद्धा घासून लावली. ती सुटली तर स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो आणि केबल जळते, हे विसरू नका. पुन्हा मोजलं तर अर्थ पिनवर ०.१ व्होल्ट. ०.२ च्या आत असलं की बास.

उरलेल्या दोन दिवसांत बाकीची कामं उरकली, ती थोडक्यात सांगते. थर्मोस्टॅट परत बसवला, रेडिएटरमधलं बोअरचं पाणी काढून कूलंट भरलं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने कळशीत क्षार धरतात, तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत काय होत असेल? ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, तेही बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चा उकळबिंदू नवीन असताना २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात उकळलं की पेडल थेट तळाला. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले, कारण २००१ चं रबर आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही. जॅक फायबरला कधीही लावायचा नाही, खालच्या पोलादी सांगाड्यालाच लावायचा, आणि घोडी दिल्याशिवाय गाडीखाली शिरायचं नाही. मामा शिरत होते, मी पाय धरून ओढले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शेडच्या भिंतीवर हेडलाइट मारले. भिंतीवरचं मागच्या गणपतीतलं तोरण लख्ख दिसलं. मामांनी ब्रेक दाबला, डॅशबोर्ड अंधारात गप्प. मामी दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, फक्त आत जाऊन तिने मामांचा डबा परत शेडमध्येच पाठवला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते दोघं चांदवडच्या रेणुकामातेला जाऊन आले, येताना मुद्दाम दिवस मावळल्यावर भावडबारीतून. टप अजून गळतोच आहे, त्याचं कापड शिवणारा कुणी सापडला तर मला सांगा. मला दर्शन काही घडलं नाही. गाडीला सीटं दोनच.