पहिला अभिमानाचा फोटो: कौतुक झालं, पुढे काय?

लळिंग किल्ल्यावरचा सूर्यास्त टिपला, स्टेटसला ठेवला, सगळे म्हणाले ‘भारी!’ छाती फुगली ना? फुगायलाच हवी. पण त्यातून ऑर्डर किती आल्या?

आता शेजारच्या चाळीसगावला चला. तिथल्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता फोटो काढले. साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड असा जमवायचा की बघणाऱ्याला खरा देखावाच वाटावा. हीच टेबलटॉप फोटोग्राफी. मूस यांनी ती कलेसाठी केली. आपण पद्धत शिकू.

तुमचा गृहपाठ:

१. खिडकीजवळ टेबल लावा. उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा, सावली मऊ होते.

२. ओळखीच्या ताईंच्या बिबड्यांचा किंवा मसाल्याच्या पाकिटाचा फोटो काढा.

३. पहिला फोटो नमुना म्हणून फुकट. दुसऱ्यापासून वेळ, प्रवास, एडिटिंग धरून दर लावा आणि तो काम सुरू करण्याआधीच सांगा. नंतर सांगितलं तर पैसेही जातात, संबंधही.

सूर्यास्ताने तुम्हाला आनंद दिला. ताईंच्या पाकिटाचा फोटो बघून गिऱ्हाईक आलं, तर तो अभिमान दोघांचा!