खारी खाडी, गोडा पाऊस आणि मोटरची फळी

प्रश्न : मोठागावच्या खाडीत आमची छोटी फायबरची होडी आहे. वल्ह्यांच्या जोडीला मागच्या ब्रॅकेटवर लहान मोटर लावतो. मोटर जिथे आवळतो ती प्लायची फळी दोन-तीन पावसाळ्यांत भुसभुशीत होते, वरचा ऑइलपेंट मात्र शाबूत. खारं पाणी लाकूड खातं का? (एक वाचक, डोंबिवली पश्चिम)

उत्तर : दोष खाडीचा नाही, पावसाचा आहे. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला गोडं पाणी मानवतं, मीठ सोसत नाही. अमेरिकेत पूर्वी लाकडी जहाजांच्या फासळ्यांमध्ये मुद्दाम मीठ भरत, ते यासाठीच. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिंपल्यांच्या जातीचा एक किडा असतो खरा, पण त्याला बुडालेलं लाकूड लागतं. तुमची फळी पाण्याच्या वर असते, तेव्हा त्याचं नाव घ्यायला नको.

पाऊस आत शिरतो तो बोल्टच्या भोकांतून आणि कापलेल्या कडांतून. एक बोल्ट काढून भोकात स्क्रूड्रायव्हर फिरवा. काळपट, ओलसर पापुद्रे निघाले, तर पाण्याची वाट तीच. आत गेलेलं पाणी पेंटमुळे वाळत नाही, म्हणून वरून नुसते हात मारत राहणं वाया जातं.

नवी फळी मरीन प्लायची करा. शिक्का ‘आयएस ७१०’ असा पाहून घ्या. तिचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. पण टिकतो तो डिंक. लाकूड शेवटी कुजतंच. सागवान वापरलं तरी उत्तम. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात केली, आणि जहाजाच्या कामाला सागाचा मान तेव्हाही मोठा होता. फक्त साग तेलकट असल्याने पाणी अडवायला वर लावायचं इपॉक्सी नीट धरत नाही. लावण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या.

आता भोकं. खरी मेहनत इथेच घ्या. बोल्टच्या जाडीपेक्षा मोठं भोक पाडा, खालून टेप लावून ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने गच्च भरा आणि पक्कं वाळल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडा. मग पाणी झिरपलं तरी ते लाकडाला शिवत नाही. पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात सगळीकडून द्या, कडांना एखादा जास्तच, कारण कडा पाणी शोषून घेतात. वर पेंट हवाच; उन्हाने उघडं इपॉक्सी पिवळं पडून भुगा होतं. बोल्ट एसएस ३१६ चे घ्या. मोटरचे स्क्रू जिथे दाबतात तिथे धातूची पट्टी बसवा, नाहीतर पहिल्याच आवळण्यात इपॉक्सीचा थर चेपून फुटेल.

हे काम जुलैत काढू नका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. शिवाय ओलं लाकूड बंद केलंत, तर बुरशीही आतच कोंडली जाते. दिवाळीनंतर फळी कापून सावलीत पुरती वाळवा, मगच डबा उघडा. मोटर चढवल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा आवळा, आणि मोटरला एक दोरी होडीशी बांधून ठेवा. फळी कितीही चांगली झाली तरी ती दोरी सोडू नका.