चाक दुसऱ्या फ्रेममध्ये घालताना

बाळा, नवी फ्रेम आणलीस, जुनं मागचं चाक तिच्यात घातलंस आणि रिम चिमट्याच्या एका बाजूला घासायला लागली. आता लगेच तारांना चावी लावू नकोस. आधी दोष कोणाचा ते ठरव. चेन काढ आणि चाक उलटं करून घाल, फ्रीव्हील डावीकडे येऊ दे. रिम आधी उजवीकडे होती आणि आता डावीकडे गेली, तर चाकाचं काम. उलटवूनही उजवीकडेच राहिली, तर फ्रेम बघायची. दोन्ही वेळा एक्सल खाचेत पूर्ण आत बसलाय ना, एवढं मात्र पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

फ्रेमवर संशय आला तर एक दोरा घे. मागच्या एका खाचेपासून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांध, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोज. सारखं आलं तर फ्रेम सरळ. पण काही फ्रेम मुद्दाम एका बाजूला केलेल्या असतात. कॅननडेलच्या काही मॉडेलांत मागचा भाग चेनच्या बाजूला 6 मिलिमीटर सरकवलेला असतो. तिथे रिम तेवढीच डावीकडे ओढावी लागते. अशी फ्रेम वाकडी समजून कोणाला ठोकू देऊ नकोस.

मग हबची रुंदी मोज, एक्सलवरच्या एका चेकनटच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत. जुन्या सहा-सात गिअरच्या रस्त्याच्या सायकलींना साधारण 126 मिलिमीटर, त्यानंतरच्या आठ-नऊ-दहा गिअरच्यांना 130, जुन्या डोंगरी सायकलींना बहुतेक 135. समज, चाक 126 चं आणि फ्रेम 130 ची. 4 मिलिमीटरचे वायसर लागतील. दोन्हीकडे दोन-दोन घातलेस तर रिम होती तिथेच मधोमध राहते. सगळे चार डावीकडे घातलेस तर रिम 2 मिलिमीटर डावीकडे आणावी लागेल. मेहनत जास्त, पण मी तुला हेच करायला सांगेन. गिअरमुळे उजवीकडच्या तारा फार ताणलेल्या असतात आणि डावीकडच्या सैल. रिम डावीकडे आली की तो फरक कमी होतो, चाक जास्त टिकतं. चेन आणि सगळ्यात लहान दाते फ्रेमला लागत नाहीत, याची खात्री मात्र आधी कर.

आपल्या इंदूरच्या जुन्या मिस्त्रींचा हात काळ्या रोडस्टरवर बसला. मालवा मिल, हुकुमचंद मिल चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की रस्ताभर त्याच सायकली. हुकुमचंद 1991 साली बंद पडली. त्या सायकलींना पुढे 32 तारा, मागे 40, आणि एकच दात्याचं चक्र. रिम हबच्या जवळजवळ मधोमध असली की चाक फ्रेमच्याही मधे यायचं. गिअरच्या चाकाला तसं केलं की रिम हबच्या मधे येते आणि फ्रेमच्या कडेला जाते. म्हणून दुकानात चाक देशील तेव्हा नुसतं ‘आऊट काढा’, म्हणजे रिमचं डुलणं घालवा, असं म्हणू नकोस. ‘दोन चेकनटांच्या बरोबर मधे रिम आणा’ असं सांग.

घरी करायचं असेल तर तीन सारख्या उंचीचे पेले टेबलावर ठेव आणि त्यांवर रिम टेकव. टेबलापासून खालच्या चेकनटपर्यंतची उंची पट्टीने मोज, चाक उलटव, पुन्हा मोज. जो फरक येईल त्याच्या निम्मी रिम हलवायची. पूर्ण फरक हलवलास तर ती दुसऱ्या बाजूला तेवढीच जाईल.

आता तारा. टायर-ट्यूब काढ, प्रत्येक निपलला तेलाचा थेंब दे आणि थोडा वेळ जाऊ दे. व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात कर, म्हणजे कुठे संपलं ते चुकणार नाही. रिम डावीकडे आणायची असेल तर आधी उजवीकडच्या सगळ्या तारा पाव फेरा सैल कर, मग डावीकडच्या पाव फेरा घट्ट. आधी घट्ट करायला गेलास तर निपलचे कोन झिजतील आणि चावी घसरायला लागेल. रिमच्या बाहेरून पेचकसाने फिरवताना घड्याळाच्या दिशेला घट्ट होतं. आतून चावी लावताना ते उलटं दिसतं, तिथे घाई नको. पाव फेऱ्याला रिम अंदाजे एक मिलिमीटर सरकते. पण अंदाजावर सोडू नकोस, दर खेपेला पेल्यांवर मोज.

कोणी नव्या तारा घ्यायला सांगेल. निपलचा पूर्ण एक फेरा म्हणजे तारेची सुमारे 0.45 मिलिमीटर लांबी. रिम सहा मिलिमीटर हलवायलाही तारेत एक मिलिमीटरहून कमी फरक पडतो. जुन्या तारा बहुतेक वेळा पुरतात. टोक निपलबाहेर डोकावलं तरच कानशीने घास, नाहीतर ट्यूब फाटेल.

मधोमध आलं की आऊट पुन्हा बघ, कारण या सगळ्यात थोडा येतोच. मग शेजारच्या समांतर तारा जोडीजोडीने मुठीत धरून जोरात दाब. कुठे टक् वाजलं तर वाजू दे, पीळ सुटतोय. ब्रेक सगळ्यात शेवटी लाव. आणि पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंना सारखी जागा आहे ना, हे नीट बघून ठेव. माळव्याची काळी माती टायरला चिकटते आणि अरुंद बाजूला चाक जाम होतं. पहिल्याच दिवशी जानापावच्या डोंगराचा उतार नको. महूपर्यंत सपाट रस्त्याने जाऊन ये आणि घरी आल्यावर चाक परत पेल्यांवर ठेवून मोज.